डॅपर शब्दाची खातेनिहाय चौकशी

त्या दिवशी इस्त्रीनं माझ्या शर्टाची पाठ जाळली नसती, तर आज मी हेडक्लार्क असतो. हे वाक्य मी घरात एकदाच उच्चारलं. इस्त्री बायको करत होती आणि तिचं म्हणणं असं, की मी मधेच येऊन माझे मोजे कुठे आहेत असं विचारलं म्हणून तिचं लक्ष उडालं. म्हणजे दोष मोज्यांचा, आणि मोजे माझे. आमच्या घरात कुठलाही दोष असाच थोडा वेळ इकडेतिकडे फिरतो आणि शेवटी माझ्याच पायाशी येऊन बसतो.

बाकीचे शर्ट भिजत पडलेले. जळलेल्या शर्टावर पाठीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, अगदी टोकासकट. तो झाकायला एकच उपाय होता, तो म्हणजे मेव्हण्याच्या लग्नात शिवलेला काळा कोट. कोट घातला म्हणून टाय घातला. टाय घातला म्हणून बुटांना पॉलिश केलं. माणूस एखादी गोष्ट लपवायला निघाला की त्याला किती गोष्टी मिरवाव्या लागतात, यावर खरं तर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

आमचं कार्यालय पाणीपट्टीचं. शहरातल्या लोकांना किती पाणी आलं ते आम्ही सांगतो आणि किती आलं नाही ते लोक आम्हाला सांगतात. तिथं नुकत्याच नव्या मोठ्या साहेब म्हणून एक मॅडम आल्या होत्या. कामाशिवाय बोलत नसत. फाइल वाचून खाली बारीक अक्षरात शेरा मारत, आणि तो शेरा बहुतेक वेळा बरोबर असे, त्यामुळे सगळेच त्यांना टरकून होते. मी जिना चढत होतो, त्या उतरत होत्या. त्या थांबल्या. मला वरून खालपर्यंत पाहिलं, म्हणजे फार वेळ लागला नाही, आणि किंचित हसून म्हणाल्या, "अरे वा. डॅपर."

मी म्हणालो, "थँक्यू, मॅडम."

इंग्रजी शब्द कळला नाही की थँक्यू म्हणायचं ही माझी पद्धत आहे. याच पद्धतीनं बँकेत माझ्या गळ्यात दोन विमे पडले आहेत.

जागेवर जाऊन बसलो. उकाडा होता, पंखा नेहमीप्रमाणे साहेबांच्या खोलीतच फिरत होता, आणि कोट काढायची सोय नव्हती. घाम टिपत मी शेजारच्या टेबलाकडे वळलो. शेजारी जो बसतो त्याला आम्ही सगळे होयबा म्हणतो. वरचा माणूस काही बोलायच्या आत त्याची मान हलायला लागते. हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि तिच्या रांगेत आम्ही दोघंच होतो, मी पुढे, तो मागे. अशा माणसाला शब्दाचा अर्थ विचारू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती.

"मॅडम मला डॅपर म्हणाल्या," मी म्हणालो.

"डॅपर? नक्की? डंपर नाही ना म्हणाल्या?"

"डॅपर."

तो विचारात पडल्यासारखा झाला. "ऐकलाय मी हा शब्द. बुटक्या माणसाला म्हणतात." मग माझं तोंड बघून त्यानं घाईघाईनं जोडलं, "प्रेमानं म्हणतात."

ते 'प्रेमानं' मला जास्त लागलं.

माझी उंची हा आमच्याकडे चर्चेचा विषय नाही. ती आहे तेवढी आहे. फोटोत मला पुढच्या रांगेत उभं करतात, बसमध्ये वरची कडी धरायला मी जात नाही, आणि घरातल्या माळ्यावरचं सामान बायको काढते. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मी आयुष्यभर स्वतःला सांगत आलो आहे. पण कार्यालयात, जिन्यावर, टाय लावलेला असताना हे निघावं याचं वाईट वाटलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही थँक्यू म्हणालात ना? मग झालं तर. चांगलं असेल तर आभार मानले, वाईट असेल तर टोमणा मारला. आता विषय सोडा."

इतका शहाणा सल्ला मला त्यानंतर कुणीही दिला नाही, आणि तो मी तिथल्या तिथं धुडकावला, कारण तो घरचा होता.

मुलगी कॉलेजात आहे. तिनं मोबाइलवर बघून सांगितलं, "रुबाबदार, देखणा. बाबा, कौतुक केलंय तुमचं."

मोबाइलवर माझा विश्वास नाही. तो सगळ्यांनाच देखणं म्हणतो. मी कपाटावरचा जुना इंग्रजी-मराठी कोश काढला, म्हणजे बायकोला काढायला लावला. त्यात लिहिलं होतं, 'लहानखुरा, चपळ व नीटनेटका (मनुष्य)'. मनुष्य हा शब्द कोशकारानं कंसात का होईना घातला होता, एवढाच दिलासा.

"कौतुक असेल तर मग लहानखुरा कशाला लिहिलंय?" मी मुलीला विचारलं.

"कारण तुम्ही..." ती म्हणाली, आणि अभ्यासाला निघून गेली. ती एरवी कधी अशी आपण होऊन अभ्यासाला जात नाही.

आता मात्र मुळाशी जायचंच असं मी ठरवलं. आमच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, मी शब्दाचा अर्थ विचारायला आलोय हे ऐकलं, माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं आणि ती पिशवी घेऊन बाजारात निघून गेली.

सरांनी चार जाड ग्रंथ टेबलावर मांडले. "शब्द जुना आहे," ते म्हणाले. "इंग्रजीनं तो शेजाऱ्यांकडून उचलला. डच भाषेत आजही डॅपर म्हणजे शूर."

"शूर?" मी खुर्चीत सरसावून बसलो.

"शूर, खंबीर. त्याच्याही मागे गेलात तर जड, वजनदार. दणकट योद्धा डोळ्यांपुढे आणा."

मी आणला. त्याच्या अंगावर माझा कोट होता. इतका आनंद मला नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नव्हता. त्याच क्षणी मी उठून खाली यायला हवं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाचं वाक्य अर्धं सोडून उठू नये असे आमच्यावर संस्कार.

"आता गंमत बघा," सर म्हणाले. "इंग्रजीत येताना शब्द उलटला. काही विद्वानांचा तर्क असा, की तो उपरोधानं वापरला गेला. म्हणजे समजा, एखादा छोटासा माणूस, अगदी असा एवढासा..." त्यांनी हातानं उंची दाखवली. ती माझ्यापेक्षाही कमी होती हे मी इथं मुद्दाम नमूद करतो. "...कडक कपडे घालून, ताठ मानेनं रस्त्यानं निघालाय. बघणारे म्हणतात, काय शूरवीर निघालेत. त्यातून तो नटवा, टापटीप माणसाचा शब्द झाला."

"म्हणजे मूळ टोमणा."

"मूळ टोमणा. आज अर्थ चांगला आहे. टोमण्याची धार गेली."

"पूर्ण गेली?"

सर चष्मा पुसत खुशीत म्हणाले, "शब्दाची धार कधी पूर्ण जात नसते."

या एका वाक्यानं माझा घात केला. प्राध्यापक मंडळी अशी वाक्यं तोंडाला गोड लागतात म्हणून बोलतात आणि जेवून झोपतात. ऐकणाऱ्याला झोप लागत नाही. डोळे मिटले की जिना दिसे, मॅडमचं ते किंचित हसू दिसे, आणि कानात शब्द येत, काय शूरवीर निघालेत.

दरम्यान होयबानं आपलं काम केलं होतं. कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले, खुर्ची उलटी करून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम तुमच्या उंचीवरून बोलल्या म्हणे."

"कपड्यांवरून बोलल्या," मी म्हणालो. प्रामाणिकपणा म्हणून पुढे म्हणालो, "पण शब्दाच्या मुळाशी गेलं तर उंचीवरूनही असू शकेल."

"मुळाशी कोण गेलं?"

"मी."

"शाबास. हा तुमचा एकट्याचा प्रश्न नाही. कमी उंचीच्या सर्व कर्मचाऱ्यांचा प्रश्न आहे. आज गप्प बसलात तर उद्या जाड्यांना बोलतील, परवा टकल्यांना."

अध्यक्षांना स्वतःला टक्कल आहे. त्यांच्या हातात तक्रारअर्ज तयार होता. शेवटी 'मानसिक क्लेश' असे शब्द होते. मी सही केली. का केली याचं उत्तर मला पुढे चौकशी समितीनंही विचारलं आणि बायकोनंही विचारलं, आणि दोघांनाही मी वेगवेगळी उत्तरं दिली. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी त्या कार्यालयात होतो आणि कुणी माझ्या टेबलाशी खुर्ची घेऊन बसलं नव्हतं.

चौकशी समिती तीन जणांची. मुख्य कार्यालयातून आलेली, दमलेली माणसं. त्यांच्या प्रमुखांना ऐकायला कमी येत असे, त्यामुळे पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात 'तक्रारदारास मॅडम यांनी डायपर संबोधले' असं आलं. ते दुरुस्त करून घ्यायला मला रीतसर अर्ज करावा लागला, आणि तो आवक-जावक विभागातून ज्या ज्या टेबलावरून गेला त्या त्या टेबलावर लोकांनी तो आवडीनं वाचला.

समितीनं दोन मुद्दे काढले. एक, सदर शब्दाचा अधिकृत अर्थ काय. दोन, तक्रारदार खरोखरच बुटका आहे काय.

पहिल्या मुद्द्यासाठी भाषा विभागाला पत्र गेलं. त्यांचं उत्तर मला पाठ आहे. 'सदर शब्द या विभागाच्या परिभाषा संग्रहात आढळून येत नाही. तसेच त्याचा पाणीपुरवठ्याशी संबंध दिसून येत नाही. सबब प्रकरण परत.'

दुसऱ्या मुद्द्यासाठी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं उंचीची पट्टी लहान मुलांच्या विभागात होती. भिंतीवर जिराफ रंगवलेला, त्याच्या मानेवर आकडे. हातात सरकारी पत्र घेऊन मी लसीसाठी रडणाऱ्या पोरांच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर डॉक्टरांनी मला जिराफाला टेकवलं आणि आकडा सांगितला, पाच फूट एक.

"पाच फूट साडेतीन असेल," मी म्हणालो. "नीट बघा."

"टाचा टेकवा," डॉक्टर म्हणाले.

तो दाखला आस्थापना विभागात पोचला आणि प्रकरणाला पाय फुटले. माझ्या सेवापुस्तकात उंची पाच फूट चार लिहिलेली. नोकरीला लागताना तरुण कारकुनानं विचारली, मी सांगितली, त्यानं मान वर न करता लिहिली. कोणता तरुण माणूस अशा वेळी खरी उंची सांगतो? मला ज्ञापन आलं, 'नोंदवलेली उंची व प्रत्यक्ष उंची यांतील तीन इंचांच्या तफावतीचा लेखी खुलासा करावा.' मी रागानं पहिल्यांदा लिहिलं, 'सेवाकाळात सतत वाकावे लागल्यामुळे.' मग तो कागद फाडला आणि 'नजरचुकीने' असं लिहिलं. मी फिर्यादी होतो तो आता निम्मा आरोपी झालो.

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, तक्रार मागे घेऊ या.

"आता कशी घेणार?" ते शांतपणे म्हणाले. "तक्रार संघटनेची आहे. तुम्ही निमित्त."

सुनावणीला मला पहिला प्रश्न आला, "रोज कोट घालता का?"

"नाही."

"मग त्याच दिवशी का घातलात?"

शर्ट मागून जळला होता हे मला तीन अनोळखी माणसांपुढे, एका लघुलेखकापुढे आणि होयबापुढे सांगावं लागलं. तो साक्षीदार म्हणून आला होता.

"शर्ट सादर करा," प्रमुख म्हणाले.

बायकोनं शर्टाचं केव्हाच पायपुसणं केलं होतं. "जळका शर्ट काय देवघरात ठेवू?" ती म्हणाली. मी ते पायपुसणं धुऊन, घडी घालून, पिशवीतून घेऊन गेलो. समितीनं त्याला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर लिहिलं, 'शर्ट एक, पायपुसणे स्वरूपात.'

मग तज्ज्ञ म्हणून वरच्या मजल्यावरचे सर आले. ते आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी खर्चानं रिक्षानं आले होते, आणि त्यांनी रिक्षाचं सार्थक केलं. शूर, जड, वजनदार, उपरोध, सगळं झालं. शेवटी प्रमुखांनी थकून विचारलं, "म्हणजे शब्द चांगला की वाईट?" सर म्हणाले, "शब्द चांगला-वाईट नसतो. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं."

हे एवढंच त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर?

त्यावर प्रमुख मॅडमकडे वळले. मॅडम इतका वेळ भिंतीकडच्या खुर्चीत बसून होत्या. त्या उभ्या राहिल्या. साहेब माणसानं आमच्यासमोर असं उभं राहून बोलावं हे मला बघवेना.

"हेडक्लार्कच्या जागेसाठी नाव कळवायचं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या दालनात, लोक तक्रारी घेऊन येतात तिथं बसणारा माणूस हवा होता. यांच्या फाइली मी पाहिल्या होत्या. स्वच्छ असतात. त्या दिवशी हे समोरून आले आणि मला वाटलं, हाच माणूस. तोंडातून शब्द निघून गेला."

"शब्दाचा उगम आपल्याला माहीत होता का?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही. मला उगम माहीत नव्हता." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही छान दिसत होतात, एवढंच. तुम्हाला लागलं असेल तर माझी चूक झाली. पुन्हा म्हणणार नाही."

मी उठलो. काय बोलणार होतो ते आजही नक्की सांगता येत नाही, पण काहीतरी बोलणार होतो.

"तक्रारदारानं विचारल्याशिवाय बोलू नये," प्रमुख म्हणाले. मी बसलो. नियम पाळणारा म्हणून माझी ख्याती आहे.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं अंथरुणं घातली. मग म्हणाली, "कुणी चांगलं म्हटलं ते पचलंच नाही तुम्हाला."

"सवय नाही," मी म्हणालो. "तू तरी कधी म्हणालीस?"

"बरं झालं नाही म्हणाले. माझ्यावरही समिती बसवली असतीत." एवढं बोलून ती दिवा मालवायला उठली, आणि दाराशी थांबून म्हणाली, "तसे त्या दिवशी बरे दिसत होतात. मी खिडकीतून बघितलं होतं, कोपऱ्यावर वळेपर्यंत." तिच्या बोलण्यात माया होती की राग, ते मला ओळखता आलं नाही. अशा गोष्टी सांगायची आमच्या घरात रीत नाही, त्यामुळे ऐकायचीही नाही.

निकाल लागला. तक्रार सिद्ध होत नाही आणि निराधारही म्हणता येत नाही. उंचीच्या चुकीच्या नोंदीबद्दल मला लेखी ताकीद. ताकीद असलेल्या माणसाला वर्षभर बढती नाही, त्यामुळे हेडक्लार्क होयबा झाला. बाहेरच्या दालनात तो बसतो, लोक तक्रार सांगायला तोंड उघडतात त्याआधी मान हलवतो, आणि लोक समाधानानं परत जातात. पाणी येत नाही ते नाहीच. शिवाय एक परिपत्रक निघालं. 'कोणत्याही कर्मचाऱ्याने अन्य कर्मचाऱ्याच्या पोशाखाविषयी अनुकूल अथवा प्रतिकूल मत व्यक्त करू नये.' ते जिन्याच्या वळणावर काचेत लावलं आहे. टायपिस्ट मुलगी नवे कपडे घालून आली की आता सगळे खिडकीबाहेर बघतात. ती पहिल्यांदा हिरमुसायची. हल्ली नवे कपडे घालतच नाही.

मॅडमनी बदली मागून घेतली. संघटनेनं हा आपला विजय म्हणून फलकावर लिहिला.

त्यांच्या निरोपाला चहा-बिस्किटं होती. आम्ही रांगेनं उभे होतो आणि त्या एकेकाशी दोन शब्द बोलत पुढे सरकत होत्या. त्यांनी त्या दिवशी गडद हिरव्या रंगाचे कपडे घातले होते, केस नीट बांधले होते, आणि इतक्या दिवसांच्या त्रासानंतरही चेहऱ्यावर कुठे शीण नव्हता. त्या छान दिसत होत्या. डॅपर या शब्दाचा मूळ, डच, धारबिर न गेलेला अर्थ मला त्या क्षणी समोर उभा दिसला. बाईमाणसाला इंग्रजीत तसाच कोणता शब्द वापरतात, तेही मी सरांकडून विचारून घेतलं होतं आणि घरी चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

त्या माझ्यासमोर आल्या. नजर माझ्या चेहऱ्यावर ठेवली, नेमकी चेहऱ्यावर. कॉलरच्या खाली त्यांनी डोळे जाऊ दिले नाहीत. इतकी काळजी मी कुणाला घ्यायला लावली याची मला लाज वाटली.

"येते," त्या म्हणाल्या. "फाइली तुमच्या अशाच स्वच्छ ठेवा."

शब्द जिभेवर आला होता. त्यांच्या खांद्यामागे, जिन्याच्या वळणावर परिपत्रकाची काच चमकत होती.

"प्रवास सुखाचा होवो, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान लववली आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. मागे उभ्या असलेल्या अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली आणि कानाशी येऊन म्हणाले, "सांभाळून बोललात. बरं केलंत."